चार्जिंग पोर्ट, पिन आणि ‘सर्वांसाठी एकच चार्जर’ : विदर्भातील गावांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, अमरावती या जिल्ह्यांतील आठवडी बाजारात मोबाइलच्या सामानाचे पाल लागते, तेथे आजही जुनी बारीक पिन, सी टाइप आणि आयफोनची पिन अशा तिन्ही केबल एकाच दोरीला टांगलेल्या दिसतात. यांपैकी कोणती टिकावी, कोणती बंद व्हावी आणि ते कोणी ठरवावे, यावर जगभर वाद झाला आणि काही देशांत त्याचे कायदेही झाले. आपल्याकडे मात्र ही चर्चा शहरी ग्राहकापुरतीच राहिली. सी टाइप सर्वत्र यावी असेच आमचे मत आहे. परंतु केवळ पिनेचा आकार एक करून गावातील माणसाची अडचण सुटणार नाही, असेही आम्हाला ठामपणे वाटते. पुढील उत्तरे त्याच भूमिकेतून लिहिली आहेत.

हा वाद नेमका कशाबद्दल आहे? पिन तर पिन, त्यात एवढे काय?

वाद तीन वेगळ्या गोष्टींबद्दल आहे आणि त्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो. पहिली गोष्ट म्हणजे पोर्टचा आकार, म्हणजे केबल फोनमध्ये बसते की नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चार्जर आणि फोन यांच्यात वीज किती द्यायची याबद्दल होणारी बोलणी, जिला तांत्रिक भाषेत चार्जिंग प्रोटोकॉल म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे केबलची स्वतःची क्षमता. कायद्याने आकार एक करणे तुलनेने सोपे असते. बोलणी एक करणे अवघड असते, कारण तेथे कंपन्यांचे स्वतःचे तंत्रज्ञान आणि स्वतःची विक्री गुंतलेली असते.

सी टाइपच्या आधी एकच पिन करण्याचा प्रयत्न झाला नव्हता का?

झाला होता, आणि एकदा नव्हे. चीनने २००६ च्या अखेरीस असे मानक काढले की चार्जरच्या बाजूला यूएसबीचे नेहमीचे चौकोनी तोंड असावे आणि केबल वेगळी निघावी. फोनकडची बाजू कशीही असली तरी चार्जर तोच वापरता येऊ लागला. आपल्या घरातले जुने चार्जर आजही नव्या फोनला चालतात ते याच विचारामुळे. त्यानंतर २००९ मध्ये युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने मोठ्या फोन कंपन्यांनी मायक्रो यूएसबी, म्हणजे आपल्याकडचे दुकानदार जिला ‘व्ही एट’ म्हणतात ती बारीक पिन, स्वेच्छेने स्वीकारण्याचा करार केला. हा करार कायदा नव्हता आणि त्यात फोनला वेगळी पिन ठेवून सोबत जोडणी देण्याची सवलत होती. अॅपलने २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत स्वतःची लाइटनिंग पिन आणली ती याच मोकळिकीमुळे. स्वेच्छेचा करार बाजारातील मोठा भाग एका दिशेने वळवू शकतो, पण ज्याला वळायचे नाही त्याला वळवू शकत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

युरोपने मग कायदा केला म्हणजे नेमके काय केले?

४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी एकाच चार्जरचा निर्देश मंजूर केला. त्यानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरा, हेडफोन इत्यादी उपकरणांना तारेने चार्ज करण्यासाठी सी टाइप पोर्ट सक्तीचे झाले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली.

आपल्याकडच्या बातम्यांत एवढेच आले. या निर्देशातील अधिक महत्त्वाच्या दोन तरतुदी मात्र मागे पडल्या. जे उपकरण १५ वॉटपेक्षा जास्त शक्तीने चार्ज होते त्याने ‘पॉवर डिलिव्हरी’ हा सर्वांना खुला असलेला प्रोटोकॉल समजलाच पाहिजे. कंपनीचा स्वतःचा वेगवान प्रोटोकॉल असला तरी तो त्याच्या आड येता कामा नये. शिवाय खोक्यावर एक चिन्ह हवे, ज्यात फोनला किमान किती आणि कमाल किती वॉट लागतात हे आकड्यांत दाखवलेले असते. आकार, बोलणी आणि माहिती या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्यामुळे हा कायदा आम्हाला पूर्ण वाटतो.

भारतात सी टाइप सक्तीची आहे का?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्योगांच्या प्रतिनिधींशी बैठक घेतली. त्यात स्मार्टफोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप यांसाठी सी टाइप स्वीकारण्यावर व्यापक सहमती झाली आणि साध्या फोनसाठी वेगळा चार्जर ठेवता येईल असा विचार पुढे आला. त्यानंतर भारतीय मानक ब्युरोने सी टाइप पोर्ट, प्लग आणि केबल यांचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. जानेवारी २०२३ मध्ये त्याची घोषणा झाली. मानक प्रसिद्ध होणे आणि ते सक्तीचे होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सक्तीसाठी सरकारचा स्वतंत्र आदेश लागतो. मोबाइल फोन, त्यांचे अॅडाप्टर आणि पॉवर बँक यांना ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते हे खरे, पण ती नोंदणी सुरक्षिततेसाठी आहे, पिनेच्या आकारासाठी नाही.

माझा फोन सी टाइप, केबल सी टाइप, खोक्यावर ‘फास्ट’ लिहिलेला चार्जरही आहे. तरी फोन हळू का चार्ज होतो?

हा आमच्याकडे सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्या वादाचे मूळही त्यातच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे योग्य ठरेल.

सी टाइप चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. फोन त्याला विचारतो की तुझ्याकडे आणखी काय आहे, आणि पॉवर डिलिव्हरी समजणारा चार्जर ५, ९, १५, २० व्होल्ट अशी आपल्या क्षमतेनुसार यादी सांगतो. त्यातून फोन आपल्याला पेलेल ते निवडतो. दोघांना एकच बोली समजली तर वेग मिळतो. ती समजली नाही तर फोन बिघडत नाही, फक्त मूळ ५ व्होल्टवर किंवा दोघांना समजणाऱ्या एखाद्या खालच्या पातळीवर थांबतो. अनेक कंपन्यांनी स्वतःच्या बोली काढल्या: क्वालकॉमचे क्विक चार्ज २०१३ मध्ये, ओप्पोचे व्हूक २०१४ मध्ये, आणि पुढे इतरांची निरनिराळी नावे आली. व्हूकसारख्या पद्धतीत व्होल्टेज कमी ठेवून विद्युतप्रवाह वाढवतात, त्यामुळे त्याला खास जाड केबल आणि त्याच कंपनीचा चार्जर लागतो. एका घरात थोरल्या मुलाचा फोन एका कंपनीचा, सुनेचा दुसऱ्या कंपनीचा आणि दोन्हींच्या पिना सारख्याच. पण चार्जरची अदलाबदल केली की दोन्ही फोन कूर्मगतीने भरू लागतात. शहरात ही केवळ गैरसोय असते. जेथे भारनियमनाच्या वेळा पाळून दीड-दोन तासांत फोन भरून घ्यावा लागतो, तेथे त्याच कारणाने दिवसभर फोन बंद राहू शकतो, आणि ई-पीक पाहणीची नोंद किंवा बँकेचा ओटीपी त्या दिवशी होत नाही.

केबलचाही वाटा आहे. साधी सी टाइप केबल ३ अँपिअरपर्यंत प्रवाह वाहून नेते. त्याहून अधिक, म्हणजे ५ अँपिअर हवा असेल तर पॉवर डिलिव्हरीच्या नियमानुसार केबलच्या टोकात एक छोटी ओळखचिप असावी लागते. बाहेरून दोन्ही केबल हुबेहूब सारख्या दिसतात. म्हणूनच खोक्यावर आणि केबलवर वॉट किंवा अँपिअरचा आकडा ठळक छापणे सक्तीचे असावे, आणि तो मराठीतही असावा, ही आमची पहिली मागणी आहे.

नवा चार्जर घेताना ‘पॉवर डिलिव्हरी’ आणि ‘पीपीएस’ हे शब्द पाहावेत. पीपीएस ही त्याच खुल्या पद्धतीची सुधारित आवृत्ती आहे. तीत फोन गरजेप्रमाणे व्होल्टेज बारीक टप्प्यांनी कमी-जास्त मागतो, त्यामुळे उष्णता कमी होते. घरातल्या सर्व फोनना पूर्ण वेग मिळेलच असे नाही, पण बहुतेक नव्या फोनना त्यातून बरा वेग मिळतो.

जागलीसाठी घेतलेली सी टाइपची टॉर्च जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलने चार्ज होते, पण दोन्ही बाजूंना सी टाइप असलेल्या केबलने होत नाही. टॉर्च खराब आहे का?

टॉर्च खराब नाही, ती अर्धवट बनवलेली आहे. सी टाइप उपकरणात ५.१ किलोओमचे दोन रोधक, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणारे छोटे सुटे भाग (रेझिस्टर), असावे लागतात. त्यांच्यावरूनच सी टाइप चार्जर ओळखतो की पलीकडे वीज घेणारे उपकरण जोडले आहे. स्वस्त टॉर्च, पंखे, ट्रिमर बनवणारे पुष्कळ उत्पादक हे रोधक गाळतात. मग नवा चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरमधून मात्र ५ व्होल्ट कायम बाहेर येत असतात, म्हणून त्यावर तेच उपकरण चालते.

हे रोधक अत्यंत स्वस्त असतात. ते वाचवून उपकरणावर ‘सी टाइप’ लिहिणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि सक्तीचा नियम झाल्यास तो फोनपुरता न राहता या उपकरणांनाही लागू झाला पाहिजे. रात्री रानडुकरांपासून हरभरा राखणाऱ्या शेतकऱ्याला टॉर्चचे महत्त्व फोनपेक्षा कमी नसते.

फवारणी पंपाच्या चार्जरची गोल पिन काही वेळा दुसऱ्या उपकरणातही बसते. ती लावली तर चालते का?

कृपया लावू नये. गोल पिनेत कोणतीही बोलणी होत नाही. ५, ९ आणि १२ व्होल्टचे चार्जर एकाच मापाच्या गोल पिनेचे असू शकतात, आणि बॅटरीवर चालणाऱ्या अनेक फवारणी पंपांची बॅटरी १२ व्होल्टची असते. तो चार्जर ५ व्होल्टच्या रेडिओला किंवा दिव्याला लावला तर ते उपकरण जळू शकते. चार्जरवरील बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ पुढे लिहिलेले व्होल्ट आणि उपकरणावरील व्होल्ट तंतोतंत सारखे असावेत, पिनेचे धन-ऋण जुळावे, आणि चार्जरचे अँपिअर उपकरणाच्या गरजेइतके किंवा अधिक असावेत. सी टाइपच्या बाजूने आम्हाला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हाच आहे: विचारल्याशिवाय जास्त व्होल्टेज सोडायचे नाही हा नियम तिच्या रचनेतच आहे.

साध्या बटणांच्या फोनलाही सी टाइप सक्तीची करावी का?

येथे मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. सक्तीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की साधा फोन घेणारा ग्राहक अगदी थोड्या रुपयांच्या फरकानेही मागे फिरतो, आणि त्याच्याकडे बारीक पिनेचे चार्जर आधीच आहेत. ते सगळे एकाएकी निरुपयोगी करणे म्हणजे त्याच्यावर भुर्दंड लादणे. हे म्हणणे टाकाऊ नाही.

तरीही कायमची सवलत द्यावी हे आम्हाला पटत नाही. साध्या फोनला डेटाचा वेग किंवा जादा वॉट लागत नाहीत, त्यामुळे त्याला फक्त वीज घेणारे, कमी संपर्कांचे, म्हणजे वीज जोडणाऱ्या कमी धातूच्या टोकांचे, सी टाइप पोर्ट आणि वर सांगितलेले दोन रोधक पुरतात. मोठ्या स्मार्टफोनसाठी लागणारा सगळा खटाटोप तेथे करावाच लागत नाही. दुसरी बाजू अशी की घरातील आजोबांचा साधा फोन हाच बँकेशी आणि शेतकरी योजनांशी जोडलेला क्रमांक असतो. बारीक पिनेची केबल बाजारातून हळूहळू नाहीशी झाली, की सर्वांत आधी तोच फोन बंद पडेल. २०२२ पासून साध्या फोनवरूनही यूपीआय व्यवहार करण्याची सोय झाली आहे, त्यामुळे या फोनचे काम कमी नव्हे, वाढले आहे. म्हणून नव्याने विकल्या जाणाऱ्या साध्या फोनसाठी काही वर्षांची निश्चित मुदत द्यावी, आणि जुन्या फोनच्या केबल व बॅटऱ्या त्या मुदतीनंतरही मिळत राहतील अशी जबाबदारी उत्पादकांवर टाकावी, असे आम्हाला वाटते.

सगळ्यांची पिन एकच झाली तर नवे शोध थांबतील, असे कंपन्या म्हणतात. हे खरे आहे का?

हा आक्षेप अॅपलने युरोपात सातत्याने मांडला आणि त्यात काही तथ्य आहे. २००९ मध्येच मायक्रो यूएसबीची कायदेशीर सक्ती झाली असती आणि ती बदलण्याची वाट ठेवली नसती, तर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या सी टाइपला बाजारात यायला उशीर झाला असता. यावर उपाय कायदा न करणे हा नाही. कायद्यात बदलाची वाट ठेवणे हा आहे, आणि युरोपने तांत्रिक प्रगतीनुसार यादी व मानक सुधारण्याचा अधिकार आयोगाकडे ठेवला आहे. शिवाय सी टाइपचा आकार तोच राहूनही तिची क्षमता वाढत गेली: २०२१ च्या सुधारणेने पॉवर डिलिव्हरीची मर्यादा १०० वरून २४० वॉटवर गेली.

आयफोनचे काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ पासून सी टाइप आहे. त्याआधीच्या आयफोनना लाइटनिंग केबलच लागेल.

आता खोक्यात चार्जर मिळत नाही. हे पर्यावरणासाठी चांगले आहे असे सांगतात. आपल्यालाही ते लागू पडते का?

युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार तेथे टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन होतो. तेथील घरांत चांगले चार्जर साठून पडले आहेत, म्हणून चार्जरशिवाय फोन घेण्याची मुभा तेथे शहाणपणाची ठरते. आपल्या गावात पहिलाच स्मार्टफोन घेणाऱ्याकडे साठा नसतो. असतो तो जुन्या फोनचा ५ वॉटचा चार्जर. वेगळा चांगला चार्जर महाग पडतो म्हणून तो पालावरचा बिननावाचा चार्जर घेतो, जो लवकर तापतो आणि लवकर जळतो. अशा रीतीने कचरा कमी न होता वाढतो. ब्राझील सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जरशिवाय आयफोन विकण्यावर बंदी घालून दंडही ठोठावला, तो अपूर्ण वस्तू विकल्याच्या कारणावरून. आम्ही बंदी मागत नाही. दोन्ही पर्याय दुकानात असावेत आणि चार्जर न घेणाऱ्याला किमतीत तेवढी सूट दिसावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक क्रमांक आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का हे पाहावे. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तो क्रमांक टाकून खरा की खोटा हे तपासता येते.

कापूस वेचणीच्या दिवसांत सी टाइप पोर्ट सैल का होते?

बहुतेक वेळा ते सैल झालेले नसते, भरलेले असते. सी टाइप पोर्टच्या मध्यभागी एक पातळ पट्टी असते आणि तिच्या भोवतीच्या फटीत खिशातली रुई आणि माती दाबून बसते. प्रत्येक वेळी केबल लावताना तो थर तळाशी आणखी ठासला जातो, आणि अखेरीस केबल पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने, पट्टीला धक्का न लावता, कडेकडेने तो काढावा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन वापरू नये. पट्टीवरचे संपर्क एकदा खरवडले गेले की जॅकच, म्हणजे फोनमधले पोर्टच, बदलावा लागतो.

मानकानुसार सी टाइप जोडणी १०,००० वेळा काढ-घाल सहन करण्यासाठी बनवतात, आणि पकडणारे कान केबलच्या टोकात असल्याने आधी केबल झिजणे अपेक्षित आहे. म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी नेहमी दुसरी केबल लावून पाहावी.

जॅक बदलणे पूर्वीपेक्षा महाग का झाले?

मायक्रो यूएसबीत पाच संपर्क होते, पूर्ण सी टाइपमध्ये चोवीस असतात. ते हाताने टाके देऊन बसवणे तालुक्याच्या कारागिराला कठीण जाते. ज्या फोनमध्ये जॅक वेगळ्या छोट्या पट्टीवर, म्हणजे कारागीर जिला ‘सीसी बोर्ड’ म्हणतात तिच्यावर असतो, तेथे पट्टी बदलून काम भागते. जेथे तो मुख्य बोर्डावरच टाकलेला असतो तेथे दुरुस्ती महाग आणि जोखमीची होते. पोर्टचे मानक ठरवताना दुरुस्तीचा विचार कोठेही होत नाही, ही मोठी उणीव आहे. जॅक वेगळ्या पट्टीवर ठेवण्याची अट घातल्यास गावातील फोनचे आयुष्य निश्चित वाढेल.

विजेच्या चढउताराने आणि उन्हाने काय होते?

चांगला अॅडाप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाबाची फारशी चिंता नसते. धोका असतो तो डीपीवर न्यूट्रल तुटल्यावर, कारण तेव्हा घरातील २३० व्होल्टचा पुरवठा बराच वर चढू शकतो. दिवे एकाएकी लख्ख झाले तर आधी चार्जर काढावा. जूनमध्ये विजा कडाडत असताना चार्जर बोर्डातच ठेवू नये.

उन्हाचा प्रश्न वेगळा आहे. अॅपल आणि सॅमसंगसारख्या कंपन्या फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे सांगतात, आणि मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे पारा ४५ च्या वर जातो. तापलेला फोन स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो, मग चार्जर कितीही वॉटचा असो. टिनाच्या छपराखाली किंवा ट्रॅक्टरवर चार्ज करण्यापेक्षा पहाटे किंवा रात्री करावे. सौर पॅनेलवरून थेट फोन भरण्याऐवजी आधी पॉवर बँक भरावी, कारण ढग आला की दाब पडतो आणि फोन वारंवार चार्जिंग तोडतो. तार नसलेले चार्जिंग अशा उन्हात टाळलेलेच बरे; त्यात विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो.

आमचे म्हणणे कोणापर्यंत पोहोचवता येईल?

भारतीय मानक ब्युरो मानकांचे मसुदे जनतेच्या हरकतींसाठी खुले करते आणि कोणताही नागरिक त्यावर लेखी मत देऊ शकतो. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडल्यास त्याला वजन येते. ठरावात ‘सी टाइप हवी’ एवढेच न लिहिता खुली पॉवर डिलिव्हरी, वॉटचा ठळक मराठी आकडा, स्वस्त उपकरणांतील रोधक, साध्या फोनसाठी मुदत आणि वेगळ्या पट्टीवरील जॅक हे मुद्दे स्वतंत्रपणे मांडावेत. निकृष्ट चार्जर किंवा खोट्या दाव्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. तक्रार करताना पक्के बिल, चार्जरवरील छापील अक्षरांचे छायाचित्र आणि फोनचे मॉडेल जवळ ठेवावे. बिल नसेल तर दुकानदाराकडून निदान हाताने लिहिलेली, सहीची पावती घ्यावी.